मदत कोणाची घेतली? एका मराठी शाळेने एआयचे नियम केले, त्याची हकीकत

पार्श्वभूमी

शाळा मुंबईच्या पूर्व उपनगरातली. अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. आठवीपासून गणित-विज्ञान सेमीत. पट सहाशेच्या आतबाहेर, आणि तो टिकवायला दर मे महिन्यात आम्ही शिक्षक घरोघर फिरतो. मी माध्यमिक विभागाची पर्यवेक्षिका आहे, नववीला मराठीही शिकवते. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझी, म्हणून ते लिहायलाही मीच घेतलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

मुलं येतात चाळींतून, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतींतून आणि टेकडीवरच्या वस्तीतून. घरात फोन बहुधा दोन. एक वडिलांबरोबर रिक्षात नाहीतर ड्यूटीवर. दुसरा आईचा, तो संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हातात. संगणक कक्षात बावीस संगणक आहेत, त्यातले चौदा चालतात. एआयबद्दल शाळेत एक ओळही लिहिलेली नव्हती. 'शाळेत मोबाइल आणू नये' हे दैनंदिनीच्या मागच्या पानावर छापलेलं, तेवढाच काय तो नियम.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा आम्हाला वाटलं, हे इंग्रजी माध्यमाच्या शाळांचं दुखणं. जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयचा तो निळा गोल दिसू लागला आणि त्याच महिन्यात गूगलचं जेमिनी ॲप मराठीतही आलं. वेगळं काही शिकायचं उरलं नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय ॲपची सशुल्क सेवा वर्षभर फुकट दिली, ती आमच्या पालकांच्याही फोनमध्ये पोचली. आम्ही मात्र अजून 'गाइड आणू नका' इथेच होतो.

याआधी मुलं उतरवत नव्हती, असं मी म्हणणार नाही. गाइड होती, अपेक्षित प्रश्नसंच होते, आणि स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रकल्पाच्या तयार वह्या मिळत. आमचे काही शिक्षक वही बघून दुकान ओळखायचे. त्या उतरवण्याला आम्ही सरावलो होतो.

काय घडलं

सप्टेंबर २०२५. गणपती गेले, घटक चाचणी झाली आणि नववी 'ब'च्या जलसुरक्षेच्या प्रकल्पवह्या आल्या. विषय दरवर्षीचाच: 'पाणीबचत – काळाची गरज'. जलसुरक्षेला गुण नसतात, श्रेणी असते, त्यामुळे तो प्रकल्प मुलंही फार मनावर घेत नाहीत आणि आम्हीही. वर्गात ४३ मुलं, वह्या ४१.

विज्ञानाच्या बाई मधल्या सुट्टीत गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि एकेका वहीचं पहिलं वाक्य वाचू लागल्या. 'पाणी हे केवळ एक संसाधन नसून संपूर्ण सजीवसृष्टीचा आधार आहे.' दुसरी वही, तेच वाक्य. तिसरीत 'केवळ'च्या जागी 'फक्त'. अशा सतरा वह्या निघाल्या. उपायही सारखेच: शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा, बागेला ठिबकने पाणी द्या, गाडी पाइपने धुऊ नका. या वर्गात कोणाच्या घरी शॉवर असेल असं मला वाटत नाही. बाग तर शाळेलाही नाही. एका वहीत मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव शहरातच वसवले होते. विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य आणि अप्पर वैतरणा हे पाचही पार ठाणे-नाशिकच्या बाजूला.

आणि एका मुलीच्या वहीत, शेवटच्या पानावर, निळ्या शाईत, सुबक अक्षरात, भोवती स्केचपेनची वेलबुट्टी काढून लिहिलं होतं: 'तुम्हाला हवे असल्यास मी हा प्रकल्प अधिक सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो.' मुलगी, आणि 'शकतो'!

स्टाफरूम हसत सुटली. मीही हसले. पी.टी.चे सर म्हणाले, "म्हणजे हिने वाचलंसुद्धा नाही, नुसतं उतरवलंय." तेव्हा ते पुरेसं वाटलं. नंतर घरी जाताना ट्रेनमध्ये मनात आलं, सहा पानं हाताने लिहायला या पोरीला दोन तास तरी लागले असतील. दोन तास राबली आणि पदरात एक वाक्य पडलं नाही. आळशी म्हणावं तर तसंही नाही.

माझी चूक

सतरा जणांना बाईंनी उभं करून बोलणी दिली आणि वह्या पुन्हा लिहायला लावल्या. तिथेच हे मिटलं असतं. पण संशयाचं भूत माझ्या मानेवर बसलं होतं, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे मराठीचे निबंध आले होते. विषय 'आमच्या घरातली जुनी वस्तू'. एका मुलीने आजोबांच्या चिमट्यावर लिहिलं होतं. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, उचलायला वापरायचे तो चिमटा. अडीच पानं, आणि ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. नववीत हे मी वीस वर्षांत दोनदा पाहिलं असेल. मजकूर वाचायचा सोडून मी शुद्धलेखन वाचत बसले.

निबंध टाइप केला आणि 'एआयने लिहिलंय का ते ओळखा' अशा एका फुकट संकेतस्थळावर टाकला. उत्तर आलं ८७ टक्के. आकडा बघितला की माणसाचा विश्वास बसतो, तसा माझाही बसला. वर्गातच तिला म्हणाले, "उद्या आईला घेऊन ये."

आई तीन घरी स्वयंपाक करते. दोन घरांना सुट्टी सांगून आली. "बाई, काय केलं हिने?" मी छापलेला कागद पुढे केला. तिने तो वाचला नाही. पिशवीतून कॅलेंडरची पाठकोरी पानं काढली, मार्चपासून जुलैपर्यंतचे महिने, आणि टेबलावर पसरली. त्यावर निबंधाचा कच्चा खर्डा, खाडाखोड, आणि थरथरत्या हाताने लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या. आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवायचे. "बाबांना आता नीट दिसत नाही," आई म्हणाली, "पण हिचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर जेवायला बसत नाहीत."

मी तिथेच दोघींची माफी मागितली. पण मागितली कार्यालयात, आणि आरोप केला होता वर्गात. तोवर मुलांनी तिचं नाव 'चॅटजीपीटी' ठेवलं होतं. वर्गात सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली ती तीन आठवड्यांनी, मोठ्या बाईंनी सांगितल्यावर. दिवाळीपर्यंत त्या मुलीने माझ्या तासाला हात वर केला नाही.

मग मी वाचायला बसले, जे आधी करायला हवं होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखण्याचं साधन काढलं होतं. ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ओळखत होतं, आणि माणसांनी लिहिलेल्या काही मजकुरावरही एआयचा शिक्का मारत होतं. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध त्या साधनांनी सरासरीने एआयचे ठरवले. हे सगळं इंग्रजीचं. आमच्या नववीतल्या मराठीचा त्या संकेतस्थळाला काय पत्ता असणार! आणि गंमत अशी की सतरा वह्यांना जेवढी शिक्षा झाली, त्याहून मोठी शिक्षा वर्गातल्या सगळ्यात चांगल्या निबंधाला झाली.

मोठ्या बाईंनी दोनच वाक्यं ऐकवली. "नियम लिहून काढा. तोवर कोणाच्या आईला बोलवायचं नाही."

समोरचे पर्याय

समिती झाली: मी, विज्ञानाच्या बाई, गणिताचे सर, संगणकाच्या बाई आणि पालक-शिक्षक संघातले दोन पालक. मुलं नव्हती, ती पुढे आली.

पहिली सूचना अर्थातच सरसकट बंदीची. गणिताचे सर ठाम होते: "एकदा दार उघडलंत की वही कोरीच समजा." बंदी लिहायला सोपी होती, कागद एका ओळीचा झाला असता. पण लिहिणं घरी होतं, फोन आईचा असतो, आणि आमची अर्धी मुलं ज्या क्लासला जातात तिथले सर स्वतः एआयवरून नोट्स काढून वाटतात. पाळला जाणार नाही असा नियम केला की आधीचे नियमही पातळ होतात, हे मोबाइलबंदीने आम्हाला शिकवलंच होतं.

संगणकाच्या बाईंचं टोक दुसरं: वापरू दे, उद्या नोकरीत हेच करायचं आहे. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण ज्या मुलीने 'देऊ शकतो' उतरवलं तिला या मोकळिकीतून काय मिळणार होतं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

सगळं लेखन वर्गातच करून घ्यायचं, हाही विचार झाला. तास पस्तीस मिनिटांचा, त्यात हजेरी. अभ्यासक्रम पुरा करायचा की प्रकल्प लिहून घ्यायचे? काही निबंध वर्गात घेता येतील, प्रकल्प नाही. ओळखणारं विकतचं साधन घ्यावं, असं एका पालकांनी सुचवलं. त्यावर मी कॅलेंडरच्या पानांची गोष्ट सांगितली आणि तो विषय मिटला.

आणि एक पर्याय, जो आपल्याकडच्या प्रत्येक बैठकीत असतो: वरून परिपत्रक येईपर्यंत थांबू. यावर आमचा खरंच बराच वेळ गेला. सीबीएसईने २०१९ मध्ये नववीला एआय हा विषयच सुरू केला आहे. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय शिकवायचं जाहीर केलं. पण विषय म्हणून शिकवणं वेगळं आणि नववी 'ब'च्या प्रकल्पवहीचं काय करायचं ते वेगळं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्यासाठी कोणी लिहून देणार नव्हतं.

कसं ठरलं

नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी पालकसभा ठेवली. शनिवारी ठेवली की निम्मे पालक कामावर. सत्तरएक जण आले. मला वाटलं होतं, पालक बंदीच मागतील. बरेचसे मागतही होते. एका वडिलांनी सांगितलं, "आता तर चॅटजीपीटीचं पण वर्षभर फुकट द्यायला लागलेत. तुम्ही बंद कराल शाळेत, घरात कोण बंद करणार?" एक जण मागून बोलले, "इंग्लिश मीडियमवाल्यांना चालतं आणि आमच्याच पोरांना चोर म्हणणार का?" माझी मान खाली गेली. सगळ्यांना ते प्रकरण माहीत होतं.

मग एक आई उभी राहिली. शिक्षण सातवी, मराठीतून. मुलगा आठवीत, सेमीला. म्हणाली, "बाई, त्याचं सायन्स मला वाचता येत नाही. क्लासला घालायला पैसे नाहीत. रात्री तो धड्यातली ओळ फोनला दाखवतो, आणि मी फोनला म्हणते, हे मराठीत सांग. मग आम्ही दोघं ऐकतो. हे पण बंद करायचं का?"

त्या सभेआधी माझ्या वहीत मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, 'गृहपाठासाठी एआयचा वापर करू नये.' मी ते तिथेच खोडलं. मुलाच्या जागी लिहून देणारा फोन आणि आईच्या शेजारी बसून समजावणारा फोन एकच होता. नियम त्या दोन कामांत फरक करणारा हवा होता.

वयाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. चॅटजीपीटीच्या अटींतच तेरा वर्षांखालच्यांना मनाई आहे आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते. युनेस्कोच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेतही तेराचीच मर्यादा सुचवलेली आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीबाबतचा आपला २०२३ चा कायदा तर अठराखालच्या प्रत्येकाला मूलच धरतो. म्हणून पाचवी ते सातवीच्या मुलांनी स्वतः वापरायचं नाही. शिक्षक वर्गात दाखवतील तेवढंच. आठवी-नववीला अटींसह. दहावीला यंदा हात लावला नाही; पूर्वपरीक्षा आणि अंतर्गत गुणांच्या धामधुमीत नवा नियम नको, असं मोठ्या बाईंचं म्हणणं.

खरी ओढाताण झाली ती 'सांगून वापरा' यावर. मुलगा सांगेल कशाला? सांगितलं की गुण जाणार, हे त्याला कळतं. इथे आम्हाला वाट दाखवली ती मुलांनी. विज्ञानाच्या बाईंच्या आग्रहावरून नववीतली दोन मुलं बैठकीला बसवली होती. त्यातला एक म्हणाला, "सर, दादाने लिहून दिलं तर आम्ही लिहितो का कुठे? मग याचंच का लिहायचं?" गणिताचे सर चिडले. पण बोलणं बरोबर होतं. त्यातून प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर एक 'मदत-चौकट' काढायची ठरली: 'मदत कोणाची घेतली? आई-बाबा / ताई-दादा / क्लास / गाइड / एआय / कोणाचीही नाही. कशासाठी घेतली?' एआय त्या ओळीत पाचवं, गाइडच्या शेजारी. त्याला वेगळं काढून त्याचा बागुलबुवा करायचा नाही.

दुसरं कलम असं: प्रत्येक प्रकल्पात एक पान तुझ्या घरातलं, गल्लीतलं किंवा तू स्वतः मोजलेलं असलं पाहिजे. तिसरं: शिक्षक प्रत्येकाला वहीवरचे दोन प्रश्न तोंडी विचारतील आणि गुण त्या उत्तरांना धरून असतील. चौथं: नाव, पत्ता, शाळा, फोटो, आधार यातलं काहीही एआयला सांगायचं नाही. पाचवं माझ्या चुकीतून आलं: ओळखणाऱ्या कुठल्याही साधनाच्या जोरावर कोणाही विद्यार्थ्याला दोषी धरायचं नाही, शंका आली तर शिक्षकाने आधी त्या मुलाशी एकट्याशी बोलायचं.

सगळं एका पानात बसलं. १ डिसेंबरपासून लागू झालं.

शिक्षकांचा कागद

हा भाग मला आणखी मोठा लिहायचा होता, सहकाऱ्यांच्या विनंतीवरून आवरता घेते. नियमांचं पान स्टाफरूममध्ये लावलं तेव्हा संगणकाच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि आपल्या नोंदींचं काय?"

पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आम्हाला लिहाव्या लागतात. 'गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो', 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो' अशा नोंदींच्या तयार याद्या वर्षानुवर्षं शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत आहेत. आता त्या एआय लिहून देत होतं. एका सहकाऱ्यांनी तर काम सोपं व्हावं म्हणून निकालपत्रकाचा फोटोच चढवला होता, नावं आणि जन्मतारखांसकट. त्यांना कल्पनाही नव्हती की यात काही गैर आहे. दुसऱ्या एका चाचणीच्या कच्च्या प्रश्नपत्रिकेत पुस्तकात नसलेल्या कवितेवर प्रश्न आला होता. छापायला जाण्याआधी कोणाच्या तरी लक्षात आला.

म्हणून शिक्षकांसाठी वेगळा कागद केला, तोही पानभराचा. मुलांची नावं, आधार, सरल किंवा यूडायस या सरकारी नोंदींतले क्रमांक, फोटो, गुणपत्रकं कुठल्याही एआयला द्यायची नाहीत. प्रश्नपत्रिका काढायला मदत घेतली तर दुसऱ्या शिक्षकाने पुस्तक उघडून ती तपासायची. नोंदीत निदान एक ओळ त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून स्वतः लिहायची. या शेवटच्या ओळीवर जेवढी कुरकुर झाली तेवढी मुलांच्या पाचही कलमांवर मिळून झाली नाही.

काय झालं

पहिल्या खेपेला, डिसेंबरात, मदत-चौकटीत 'एआय' लिहिणारी मुलं दोन. बाकीच्यांनी 'कोणाचीही नाही' किंवा 'आई' लिहून सुटका करून घेतली. त्या दोघांपैकी एकाला तोंडी उत्तरं चांगली आली म्हणून 'अ' श्रेणी मिळाली, आणि ही बातमी वर्गभर झाली. जानेवारीत १९ जणांनी 'एआय' लिहिलं. खूश व्हावं, तर त्यातल्या अकरा जणांचं 'कशासाठी' अक्षरशः एकच: 'माहिती संकलित करून ती सुटसुटीतपणे मांडण्यासाठी.' म्हणजे मदतीची कबुलीही मदत घेऊनच लिहिलेली! विज्ञानाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या दिवशी हसू आलं.

उपयोगी पडलं ते दुसरं आणि तिसरं कलम. दोन तोंडी प्रश्नांना माणशी दोन मिनिटं धरली तर ४१ मुलांना ८२ मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटांचे जवळजवळ अडीच तास मोडतात. प्रत्येक प्रकल्पाला ते परवडत नाही; सत्रातून एकदाच जमलं. पण त्या दोन मिनिटांत जे कळतं ते वही दहादा वाचून कळत नाही.

जलसुरक्षेचा विषयही बाईंनी बदलला. 'पाणीबचत – काळाची गरज' गेलं. नवा प्रकल्प: सात दिवस घरी पाणी किती वाजता आलं, कोणी भरलं, कशात भरलं, ते लिहा. एका मुलीच्या वहीतला मंगळवार असा: 'पहाटे ४.१० ला पाणी आलं. आई उठली, मग मी. २ पिंपं, ३ कळश्या, १ बादली. आम्ही मोटर लावली म्हणून शेजारच्या काकू भांडल्या. ४.५० ला गेलं.' हीच ती 'देऊ शकतो'वाली मुलगी. तिच्या मदत-चौकटीत लिहिलं होतं: आई, काकू (भांडण).

आणखी एका वहीने आम्हालाच कोड्यात टाकलं. मुलाने भांड्यांची मापं घेतली: दोन पिंपं दीडशे-दीडशे लिटरची, तीन कळश्या पंधरा-पंधराच्या, एक बादली वीसची. एकूण ३६५ लिटर, घरात माणसं सहा. मग एआयला विचारलं, शहरात माणशी रोज किती पाणी लागतं? त्याने १३५ लिटर सांगितलं. बाईंनी पडताळलं, शहरी पाणीपुरवठ्याचं आपलं प्रमाण खरंच तेवढं आहे. मुलाने भागाकार केला, माणशी ६१ आले, आणि खाली लिहिलं: 'आम्ही निम्म्याहून कमी वापरतो. मग पाणी वाचवा असं आम्हालाच का सांगतात?' चौकटीत: 'एआय, १३५ आकडा विचारायला.' बाईंनी 'अ' श्रेणी दिली आणि शेऱ्याची जागा दोन दिवस कोरी ठेवली. शेवटी 'चांगला प्रश्न' एवढंच लिहिलं.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. नववी 'ब'मध्ये पाच मुलं अशी निघाली ज्यांच्या घरी संध्याकाळी फोनच नसतो. बाकीच्यांना मदत मिळते आणि यांना नाही, ही गोष्ट आमच्या पाच कलमांत कुठेच नव्हती. मंगळवार-गुरुवार शाळा सुटल्यावर संगणक कक्ष तासभर उघडा ठेवायचं ठरवलं. फेब्रुवारीत बोर्डाची बैठकव्यवस्था आली आणि तो बंद पडला. शिक्षकांच्या कागदाचं पालन किती होतं, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. निकालपत्रकाचे फोटो थांबले आहेत, नोंदी तपासायला मला वेळ झालेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

माफी वर्गातच मागेन, आणि त्याच दिवशी. तीन आठवड्यांचा तो उशीर कुठल्याच नियमाने भरून निघाला नाही. ती मुलगी आता तासाला बोलते, पण आधी माझ्याकडे बघते.

शिक्षकांचा कागद आधी काढेन, मुलांचा मागाहून. आमच्या नोंदी कुठून येतात हे मुलांना पक्कं माहीत असतं.

विद्यार्थी पहिल्या बैठकीपासून बसवेन. मदत-चौकट ज्याच्या प्रश्नातून निघाली तो मुलगा पहिल्या तीन बैठकांना नव्हता, आणि त्या तीन बैठकांत आम्ही फक्त बंदी किती कडक असावी याचाच काथ्याकूट केला. प्रकल्पाचा विषय बदलायला तर नियमाची वाट बघायचीही गरज नव्हती. सप्टेंबरातच तो बदलता आला असता, एका तासात.

एका मुद्द्यावर माझं आणि गणिताच्या सरांचं अजून जुळलेलं नाही. ते म्हणतात, मदत सांगून घेतली तरी स्वतः खपून लिहिणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्याला एकच श्रेणी मिळत असेल, तर खपणारा पुढच्या वेळी कशाला खपेल? तोंडी प्रश्नांत फरक कळतो, हे माझं उत्तर. ते त्यांना पटत नाही, आणि सत्रातून एकदाच तोंडी होणार असेल तर त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

नियमांची मुदत आम्ही एप्रिलअखेरपर्यंतच ठेवली होती. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ते नव्याने लिहायचे आहेत. सरांनी आपला मसुदा आत्ताच आणून माझ्या टेबलावर ठेवला आहे. दोन पानं, हाताने लिहिलेली, आणि खाली पट्टीने चौकट आखून: 'मदत: कोणाचीही नाही.' तिसऱ्या कलमाप्रमाणे मला त्यांना दोन प्रश्न विचारायचे आहेत.